पेटीतलं केशरी कापड

गेल्या वर्षी दोंडाईच्यात रस्ता रुंद करताना माझ्या भावाचं स्मारक मध्ये आलं. स्मारक म्हणजे शाळेच्या फाटकाशी उभा केलेला कंबरेइतका दगड. त्यावर त्याचं नाव, पलटणीचं नाव आणि खाली एक ओळ : ‘शत्रूच्या विमानहल्ल्यात वीरमरण’. दगड नीट उचलून बाजूला ठेवतील म्हणून मी धुळ्याहून मुद्दाम गेले होते. उचलताना तो बरोबर त्या ओळीतून दुभंगला. यंत्र चालवणारा खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, “चुकलं ताई, मुद्दाम नाही केलं.” मी म्हटलं, असू द्या. ती ओळ पन्नास वर्षं टिकली हेच पुष्कळ, असं मनात आलं होतं, पण ते त्याच्याशी बोलण्यासारखं नव्हतं.

माझ्या भावाला मारणारं विमान शत्रूचं नव्हतं. ते आपलं होतं, आणि आपणच बोलावलेलं होतं. हे मला फार वर्षांपासून ठाऊक होतं. वहिनीला ते ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. तिला ते कधी कळू नये, ही माझी काळजी होती. काळजीचं एक कारण वहिनीचं दुःख हे होतं. दुसरं कारण माझं अक्षर हे होतं. ते कसं, ते सांगण्यासाठी आमच्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

आबांचं शिंपीकामाचं दुकान दोंडाईच्याच्या बाजारपेठेत एका मारवाडी कापडदुकानाला लागून होतं. गिऱ्हाईक तिकडून कापड घ्यायचं आणि दोन पावलं चालून आमच्याकडे शिवायला टाकायचं. आई मी लहान असतानाच गेली होती. आबा, भाऊ आणि मी, एवढंच घर. आबांच्या दुकानाचे नियम थोडे होते, पण ते मोडायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाइकाच्या कापडाजवळ चहाचा कप आणायचा नाही. कात्रीने कागद कापायचा नाही. आणि नवं कापड उन्हाला दाखवायचं नाही.

या तिसऱ्या नियमाला इतिहास होता. माझ्या जन्माआधी एका नवरदेवाच्या कोटाच्या कापडावर दुपारभर ऊन पडलं आणि कोट शिवून झाल्यावर एक बाही दुसरीपेक्षा फिकी निघाली. नवरदेव तसाच बोहल्यावर चढला. गावाच्या लक्षात कोट राहिला, नवरी राहिली नाही. तेव्हापासून आबांनी उन्हाशी वैर धरलं. दुकानाचं तोंड पश्चिमेला होतं. चार वाजले की ऊन उंबरा ओलांडून आत यायचं आणि आबा हातातलं काम टाकून कापडाचे गठ्ठे मागे सरकवायचे. ऊन पुढे यायचं, आबा माघार घ्यायचे. संध्याकाळपर्यंत अख्खं दुकान मागच्या भिंतीला चिकटलेलं असायचं. कापडाची जात कोणती, रंग कच्चा की पक्का, याचा विचार आबा करत नसत. नवं ते झाकायचं. रोजच्या वापराला, खाली अंथरायला, पुसायला, घडी बांधायला जुनं घ्यायचं. आमच्या घरात नव्या चादरी पाहुण्यांसाठी पेटीत असायच्या, आणि पाहुणे फारसे येत नसत.

भाऊ सैन्यात भरती झाला तेव्हा आबा म्हणाले, “चांगलं झालं. तिथे मापावरून भांडण नाही.” लग्न झाल्यावर तो आठ महिन्यांत दोनदा सुट्टीवर आला. वहिनी नंदुरबारच्या बाजूच्या एका खेड्यातली, अहिराणी बोलणारी, शाळेत दोन वर्षं जाऊन विसरलेली. मी अकरावीत होते आणि स्वतःला घरातली विद्वान समजत होते. घरची सगळी पत्रं मीच लिहायची. आबा दुकानात बसून सांगायचे, मी खोक्यावर पाटी उलटी ठेवून त्यावर लिहायची.

पलटणीत शिंप्याचा मुलगा म्हणून भावाकडे दोन कामं आपोआप आली. सगळ्यांच्या गुंड्या लावणं, आणि तुकडीचं खुणेचं कापड सांभाळणं. हे खुणेचं कापड म्हणजे काय ते मला फार पुढे समजलं. जमिनीवरचे सैनिक अडचणीत सापडले की ते वायरलेसवरून आपल्या विमानाला मदतीला बोलावतात. विमान येतं ते इतक्या वेगात की वरच्याला खालचं जग दोन-चार क्षणच दिसतं. तेवढ्यात आपले कोणते आणि त्यांचे कोणते हे त्याला कळावं म्हणून आपले लोक जमिनीवर भडक रंगाचं मोठं कापड पसरतात. कापडाच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. एवढ्या मोठ्या युद्धात हा एक भाग असा होता जो माझ्या आबांना सहज कळला असता.

भावाच्या ताब्यात अशी दोन कापडं होती. एक वापरातलं आणि एक नवं कोरं. त्याने पत्रात लिहिलं : “इथे ऊन आपल्या दुकानाच्या दहापट आहे. माझ्याकडे केशरी रंगाची दोन कापडं आहेत. एक उन्हाने विटत चाललंय पण चालतंय. दुसरं कोरं आहे, अजून घडी मोडली नाही. आबांना विचार, नवं काढू का?” लष्करातली पत्रं तपासून पुढे जातात म्हणे. तपासणाऱ्याने हे वाचलं असेल तर त्याला त्यात गुपित दिसलं नसावं. शिंप्याच्या मुलाने बापाला कापडाविषयी विचारलंय, यात काय.

आबांनी काज करता करता मान वर न करता उत्तर सांगितलं : “लिही. जुन्यावर भागतंय तोवर नवं काढू नको. एकदा ऊन लागलं की गेलं.” मी लिहिलं. पण नुसतं तेवढं लिहून माझी विद्वत्ता कुठे दिसणार? मी खाली आपल्या मनाने जोडलं : “आबा म्हणतात ते शास्त्राला धरून आहे. सूर्यप्रकाशाने रंग उडतो, असं आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातही दिलं आहे.” मग सुवाच्य अक्षरात पत्ता घातला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

पुढच्या महिन्यात लढाई सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत तार आली. शत्रूच्या विमानहल्ल्यात, असं पुढच्या पत्रात होतं. त्या पत्रात आणखीही चांगले शब्द होते. आबांनी ते पत्र काच लावून दुकानात टांगलं, मागच्या भिंतीवर, जिथे ऊन पोचत नाही तिथे.

काही महिन्यांनी त्याची पत्र्याची पेटी आली. सोबत सामानाची यादी होती. दाढीचं सामान, स्वेटर, सुई-दोऱ्याची डबी, आणि एका ओळीत ‘कापड, केशरी, एक’. कापड त्याने आपल्या जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून ठेवलं होतं, त्यामुळे ते घरचंच समजून कुणीतरी पेटीत टाकलं असणार. आबांनी ते बाहेर काढलं. घडीच्या कडा पात्यासारख्या होत्या. त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात कापड चोळून पाहिलं, वासही घेतला. मग आम्हा दोघींकडे पाहून म्हणाले,

“कोरं शे. ऐकं त्याने माझं.”

त्या दिवसांत आबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं ते तेवढ्यापुरतंच. मुलाने शेवटपर्यंत सांगणं ऐकलं. मी तेव्हा त्या समाधानात सहभागी होते, हेही इथे लिहून टाकते.

वर्षा-दोन वर्षांनी एका कचेरीतून विचारणा आली, की अमुक तुकडीचं एक खुणेचं कापड जमा झालेलं नाही, ते आपल्याकडे आलं आहे काय. आबा म्हणाले, सरकारचं आहे, देऊन टाकू. वहिनी चुलीपाशी बसली होती. आबांसमोर ती पदर न घेता कधी आली नव्हती आणि बोलली तर नव्हतीच. तिथूनच म्हणाली, “नही द्यानं.” द्यायचं नाही. आबांनी ते पत्र माझ्याकडे सरकवलं. मी उत्तर लिहिलं, की असे कापड आढळून येत नाही. सरकारशी मी बोललेलं हे पहिलं खोटं. सरकारने ते लगेच मान्य केलं. आम्हीही त्याचं मान्य केलं होतं, त्यामुळे फिटंफाट झाली असं म्हणता येईल.

वहिनीला मीच पुन्हा वाचायला शिकवलं. दुकानातली मापाची वही, पंचांग, माझी जुनी क्रमिक पुस्तकं. ती हळू शिकली पण पक्कं शिकली. पुढे जळगावला एका बालवाडीत तिला काम मिळालं आणि आबा गेल्यावर ती तिकडेच राहिली. पेटी तिने सोबत नेली. मी धुळ्यात देवपूरला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागले आणि निवृत्त होईपर्यंत पुस्तकांच्या पाठी मोजत तिथेच राहिले. लग्न केलं नाही. त्याची कारणं कंटाळवाणी आहेत.

ग्रंथालयात लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एक दिवस दुपारी एक गृहस्थ वाचनकक्षात येऊन उभे राहिले. ताठ, एक पाय ओढत चालणारे. साक्रीकडचे होते, धुळ्याला पेन्शनच्या कामाला आले होते. भावाच्याच तुकडीत होते. मी त्यांना चहा मागवला. त्यांना वाटलं मला सगळं ठाऊक आहे. इतक्या वर्षांनी घरच्यांना कुणीतरी सांगितलंच असेल, अशी त्यांची समजूत. म्हणून ते सहज बोलत गेले.

“विमान दिसलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या ताई. आम्हीच बोलावलेलं ना. समोर त्यांचे रणगाडे. म्हटलं आता यांची जिरली.”

मी विचारलं, “आम्ही म्हणजे? विमान कुणाचं?”

ते थांबले. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “आपलंच की.”

“कापड टाकलं नव्हतं?”

“टाकलं होतं. जुनं. ते वाळूत वाळू झालेलं. खालून आम्हालाच शोधावं लागायचं, वरच्याला काय दिसणार? त्यात आम्ही सकाळी ठरल्यापेक्षा पुढे सरकलो होतो. त्याच्या नकाशावर आमच्या जागी ते होते.”

“आणि नवं?”

या प्रश्नावर ते हसले. आठवणीने हसतात तसे, मनापासून. “नवं पेटीत! आम्ही चिडवायचो त्याला. शिंपी, ते कापड काय तुझ्या लग्नाला ठेवलंय? तर म्हणायचा, लग्न झालंय, आता पोराच्या झबल्याला ठेवलंय. आणि फारच मागे लागलो तर म्हणायचा, आबांनी सांगितलंय. पुस्तकातही दिलंय.”

मी विचारलं, विमानातला माणूस पुढे कधी भेटला का. ते म्हणाले, “नाही. त्याला सांगितलं की नाही तेही ठाऊक नाही. नसेल सांगितलं तर बरंच. चांगल्या मनाने आला होता बिचारा.” चहा संपवून ते उठले. जाताना म्हणाले, वहिनींना सांगू नका, बायकांना असलं लागतं. मीही बाई आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. पांढरी साडी आणि टेबलावरचा शिक्का पाहून बरेच लोक ते विसरत.

तेव्हापासून मी युद्धावरची पुस्तकं मागवायला लागले. मराठीच्या प्राध्यापकांना वाटलं मी कादंबरी लिहिते आहे. त्या पुस्तकांतून मला कळलं की हे काही आमच्याच वाट्याला आलेलं नाही. विमानं पायदळाच्या मदतीला यायला लागली तेव्हापासून ती कधीमधी आपल्याच पायदळावर पडत आली आहेत. धुरामुळे, धुळीमुळे, नकाशावरच्या एका चुकीच्या आकड्यामुळे, वायरलेसच्या खरखरीमुळे. मदत जितकी जवळ हवी तितका धोका जास्त. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आपले लोक अपेक्षेपेक्षा चांगलं लढून पुढे सरकले, तर वरच्याला ते शत्रूच्या जागी दिसतात. सगळ्या पुस्तकांत कारणांच्या याद्या होत्या. घरून आलेलं पत्र हे कारण कुठल्याच यादीत नव्हतं. मी सूच्याही पाहिल्या. इंग्रजीत या प्रकाराला ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात. आधी मला वाटलं मी चुकीचं वाचते आहे.

दरवर्षी दोंडाईच्याला दगडापाशी कार्यक्रम व्हायचा आणि मी जायची. पाहुणे बदलायचे, त्याबरोबर भावाचा मृत्यूही बदलायचा. सुरुवातीच्या वर्षांत तो खंदकात होता. मग तो बंदुकीवर आला. एका पाहुण्यांनी त्याला शत्रूच्या दिशेने धावायला लावलं. अलीकडे एकाने तर त्याच्याकडून साध्या रायफलीने विमान पाडवलं. मी पहिल्या रांगेत खुर्चीत बसून विचार करायची, की ते विमान खरंच पडलं असतं तर आपला आणखी एक माणूस गेला असता. वहिनी शेजारी बसलेली असायची, डोक्यावर पदर, मांडीवर हात. भाषण संपलं की टाळ्या वाजवायची. तिला बिचारीला काय ठाऊक, असं मला वाटायचं.

तर गेल्या वर्षी दगड दुभंगला. स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणजे शेजारच्या कापडदुकानाचे शेठजी, भावाचे बालमित्र, आता ऐंशीला टेकलेले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण यांची अहिराणी आमच्यापेक्षा अस्सल. त्यांचा फोन आला.

“ताई, नवा दगड काळा घेतोय, चकचकीत. मजकूर तू लिहून दे. जुना होता तोच लिही, पण थोडा वजनदार कर. आणि वहिनींना दाखवून घे, मागून कटकट नको.”

मी आठवडाभर कागद समोर घेऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना विषयवार जागा दिली. ही एक ओळ कुठे ठेवावी ते मला कळेना. ‘शत्रूच्या’ हा शब्द आपल्या हाताने पुन्हा लिहिणं म्हणजे खोट्यावर सही करणं. तो न लिहिणं म्हणजे वहिनीने विचारणं. आणि तिने विचारलं की विमानापासून कापडापर्यंत आणि कापडापासून पत्रापर्यंत जायला दोनच वाक्यं लागतात. शेवटी जुनीच ओळ लिहिली, ‘शत्रूच्या विमानहल्ल्यात’, आणि जळगावची बस धरली.

चैत्र संपत आला होता. वहिनी गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे वाळवणाचे पापड, घालत होती. एका जुन्या, विरलेल्या धोतरावर ओल्या बिबड्यांच्या रांगा. मला पाहून म्हणाली, “ये माय. उनमा काब्र उभी शे? पाण्याच्या टाकीच्या सावलीत बस.” जळगावात राहून तिची भाषा अशी अर्धी इकडची अर्धी तिकडची झाली आहे. मी सावलीत बसून कागद वाचून दाखवला. ती हात न थांबवता ऐकत होती. वर एक लहान विमान घिरट्या घालत होतं. जळगावला विमानतळ झाल्यापासून अशी विमानं दिसतात. तिने मान वर करून ते जाईपर्यंत पाहिलं, मग म्हणाली,

“शत्रूच्या हे काढी टाक.”

मी म्हटलं, “का? जुन्या दगडावर होतं ना.”

“जुना दगड आबासना व्हता.” तिने पीठ लागलेला हात पाण्यात बुडवला. “दुश्मनना विमानले कोन कापड दखाडस?”

शत्रूच्या विमानाला कापड कोण दाखवतं? ती सांगत गेली. बारा-पंधरा वर्षांपूर्वी टीव्हीवर पुराचं काहीतरी चाललं होतं. जवानांनी हेलिकॉप्टरसाठी मैदानात कापड पसरलं, अगदी पेटीतल्या रंगाचं. तेव्हा तिला ते कापड कशाचं ते समजलं. आपल्या माणसाला आपलं माणूस दिसावं म्हणून ते पसरतात, आणि आपल्या घरातलं तर पसरलेलंच नाही. बाकीचं तिने एकटीने जुळवलं. मी एवढी पुस्तकं मागवून जिथे पोचले, तिथे ती टीव्हीसमोर भाजी निवडताना पोचली होती.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू का नही सांगं?”

ती उठली, खाली गेली आणि कापड घेऊन आली. उशीच्या त्याच अभ्र्यात, तशीच घडी. घडीतून तिने एक पिवळा पडलेला कागद काढला. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. पेटी उघडली त्याच दिवशी तिने तो कागद आबांच्या आधी उचलला होता. नवऱ्याच्या पेटीत घरचं पत्र, म्हणून ठेवून घेतलं. तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. मी वाचायला शिकवल्यावर तिने पहिल्यांदा वाचलं ते हे. आधी तिला वाटलं, किती सुंदर अक्षर. टीव्ही पाहिल्यावर तिने ते पुन्हा काढून वाचलं.

“शास्त्राला धरून आहे,” ती माझं वाक्य माझ्याच चालीवर म्हणाली. त्यात टोमणा होता. पन्नास वर्षांत तिने मला टोमणा मारला नव्हता आणि मला त्याने विचित्र हलकं वाटलं.

मी म्हटलं, “वहिनी, मी ते वाक्य जोडलं नसतं तर—”

“तर त्यासनी आबासनं ऐकंच असतं. मुलगा कुणाचा?” ती पुन्हा बिबड्यांपाशी बसली. “आबासनी सांगं, तू लिखं, त्यासनी ऐकं. विमानवाला मदतीला आला. बठ्ठा, सगळा आपलाच. मी रागावू कुणावर?” मग म्हणाली, “तू रडशी म्हनीसन नही सांगं.”

मी तिच्यासाठी गप्प होते आणि ती माझ्यासाठी. दरवर्षी आम्ही दोघी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसून, एकमेकींना लागू नये म्हणून, त्याच खोट्याला टाळ्या वाजवत होतो. मी थोडी रडले. तिने रडू दिलं, मग एक कच्चा बिबडा माझ्या हातावर ठेवला आणि मीठ बरोबर आहे का विचारलं.

संध्याकाळी मी शेठजींना फोन केला. ‘विमानहल्ल्यात वीरमरण’ एवढंच घाला म्हटलं.

“कोणाच्या ते नको?”

“नको.”

“लोक विचारतील, ताई.”

“विचारू द्या.”

“नाही विचारणार. दगड वाचतो कोण? बरं झालं, अक्षरं मोठी बसतील.”

अनावरण पावसाळ्याआधी ठेवलं. वहिनीने आधीच कळवलं होतं की दगडावर झाकायचं कापड ती आणणार आहे. शेठजींनी साटनचा लाल तुकडा तयार ठेवला होता, तो त्यांनी निमूट खिशात घातला. सकाळी नऊ वाजता वहिनीने घडी मोडली. एवढ्या वर्षांनी ती मोडताना कापडाचा कोऱ्या कापडासारखाच आवाज झाला. आम्ही दोघींनी चार टोकं धरून ते दगडावर घातलं. रस्त्याच्या पलीकडून, चौकातून, स्टेशनकडून येणाऱ्या रिक्षांमधून, कुठूनही पाहिलं तरी आधी तेच दिसत होतं. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, “काय नवीन उघडतंय आजी?”

पाहुणे नऊला येणार होते ते साडेबाराला आले. साडेतीन तास ते कापड खानदेशच्या उन्हात उघडं होतं. मी दोनदा सावलीकडे पाहिलं, सवयीने. सावली नव्हती. एका कार्यकर्त्याने येऊन सांगितलं, “रंग जाईल आजी, तोवर काढून ठेवू का?” वहिनी म्हणाली, “राहू दे.”

पाहुण्यांनी दोरी ओढली, दगड वाचला नाही, आणि माइकवर येऊन शत्रूचं विमान पुन्हा आणलं. या वेळी दोन विमानं होती. वहिनी माझ्याकडे वळली. पदराआड तिचे ओठ हलले, ती हसू दाबत होती हे मला कळलं. टाळ्या वाजल्या तेव्हा आम्ही दोघी हात मांडीवर ठेवून बसलो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंडप उतरवत होते तेव्हा शेठजी आमच्याजवळ आले. वहिनी कापडाची घडी घालत होती. शेठजींनी एक टोक हातात घेतलं, अंगठ्याखाली चोळलं, उलटं करून पाहिलं, थुंकी लावून घासून पाहिलं. साठ वर्षं कापड विकलेला माणूस, त्याला राहवलं नाही.

“कुठलं आहे हे? असा माल आता निघत नाही. सुताच्या आतपर्यंत रंग आहे. वहिनी, हे दहा वर्षं उन्हात टाकून ठेवा, एवढासा विटणार नाही.”

“जुनं होतं ते विटलं होतं,” मी म्हटलं.

“ते दुसऱ्या गिरणीचं असेल. ह्याला ऊन काही करत नाही. हे जपून ठेवायची गरजच नव्हती.”

ते टोक सोडून मंडपवाल्याकडे गेले. वहिनीने घडी अर्धी घातलेली होती. ती तशीच हातात धरून ती नव्या दगडाकडे पाहत राहिली, आणि मग दुकान होतं त्या दिशेला, जिथे आता मोबाइलची दुरुस्ती होते.

“आते आबासले कोन सांगी?” ती म्हणाली.

आम्ही घडी पूर्ण केली नाही. कापड तसंच खांद्यावर टाकून ती स्टेशनकडे चालू लागली, गाडीला वेळ होता तरी. ते पुन्हा पेटीत ठेवणार का, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. सध्या ते जळगावला गच्चीवर असतं. तिने त्यावर यंदा बिबडे घातले.